बारावी फिजिक्स महिनाभरात कसं काढावं? अन् धाकट्यानं अकरावीला काय घ्यावं?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. पुतणी बारावी सायन्सला आहे, लेखी पेपर महिन्यावर आलेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे फिजिक्सच्या इंग्रजी पुस्तकात अडते. दिवाळीपासून कापूस वेचाई, मग तूर, यात पोरीचा लय वेळ गेला. शिकवणी तालुक्याला, तीही परवडत नाही. कोणतं गाईड घ्यावं? धाकटा दहावीत आहे, त्याला शेतीचंच शिकायचंय. गणित ठेवावं की बायो?

मास्तर_यवतमाळ
भाऊ, आता नवं गाईड बिलकुल घेऊ नका. बालभारतीचं पुस्तक अन् जुन्या प्रश्नपत्रिका पुरे. लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. दोन मार्कांचे १२ पैकी ८, तीनचे १२ पैकी ८, चारचे ५ पैकी ३ सोडवायचे असतात, म्हणून सगळीच डेरिव्हेशनं पाठ करत बसायची गरज नाही. सेमीकंडक्टरचा शेवटचा धडा आधी घ्या. फुल वेव्ह रेक्टिफायरची, म्हणजे एसी करंटचा डीसी करणाऱ्या सर्किटची आकृती न बघता काढायला लावा. पोरं दुसऱ्या डायोडचं तोंड उलटं काढतात अन् हातचे मार्क घालवतात. उत्तरं छोट्या वाक्यांत, मुद्देवार लिहिली तरी चालतात, इंग्रजी भारी असायची गरज नाही. एक दिवसाआड घड्याळ लावून तीन तास पूर्ण पेपर लिहू द्या. नुसतं वाचून हात चालत नाही.
अन् एक कळकळीनं सांगतो, हा महिना पोरीला वावरात नेऊ नका.

कृषीवाली_अकोला
धाकट्याचं सांगते. बी.एस्सी. कृषीला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लागते, ती पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) किंवा पीसीबी (गणिताच्या जागी बायो) कोणत्याही ग्रुपनं चालते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं होती. फार्मसीचंही तसंच. नर्सिंग, मेडिकलला बायो लागतंच, इंजिनिअरिंगला गणित. शेतीचं पक्कं असेल तर मी बायो म्हणेन, पुढे वनस्पतींचे विषय सोपे जातात. चारही विषय घेतले तर वाटा मोकळ्या राहतात, पण ओझं खूप होतं. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन या: लॅब खरंच उघडी असते का अन् गणिताचे सर आहेत का, ते तिथल्याच पोरांना विचारा.

दारव्हेकर
आभारी आहे. दादाशी आजच बोलतो, उरलेल्या वेचाईला मजूर लावू. प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धं राहिलंय, चालेल का?

मास्तर_यवतमाळ
नाही चालणार. आधी जर्नल पूर्ण करून सरांची सही घ्या, त्याचे मार्क असतात. रेक्टिफायर त्यानंतर.