मिनिट्समध्ये 'फायटिंग' नको

(घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

सचिव: कालच्या सभेचे मिनिट्स टाइप केलेत. दुरुस्ती असेल तर उद्यापर्यंत सांगा. पाण्याबद्दलचं वाक्य असं आहे: "देअर वॉज हेवी फायटिंग बिटवीन ए विंग अँड बी विंग रिगार्डिंग वॉटर टायमिंग."

बी-२०४: दादा, हे वाक्य असं ठेवू नका. वकिली करते म्हणून सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ मध्ये 'अफ्रे' हा गुन्हा आहे. दोन किंवा जास्त माणसांनी सार्वजनिक जागी फायटिंग करून शांतता मोडली की तो होतो. एक महिन्यापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपलं क्लबहाउस सार्वजनिक जागा धरायची का, हा वेगळा प्रश्न. पण काल कुणी हात उचलला नाही. मग आपल्याच दप्तरात हा शब्द कशाला लिहून ठेवायचा?

सचिव: पण ताई, भांडणाला आपण फायटिंगच म्हणतो ना?

ए-५०३: बोलताना म्हणतो, सचिवसाहेब. मी इंग्रजी शिकवत होतो तेव्हा मुलांच्या निबंधात हा शब्द वर्षानुवर्षं लाल शाईने खोडलाय. नवराबायकोत फाइट झाली असं इंग्रजही म्हणतात, ती शब्दांचीच असते. पण 'हेवी फायटिंग' हा युद्धाच्या बातमीतला शब्द आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे तोफा येतात.

काल काय झालं ते आठवा. आवाज चढले, दोघं उठून उभे राहिले, एक खुर्ची मागे सरकली. बस. याला आर्ग्युमेंट म्हणायचं, फार तर हीटेड आर्ग्युमेंट. क्वॉरल म्हटलं की मनात अढी आली असा वास येतो. धक्काबुक्की झाली असती तर स्कफल. दहाजण एकमेकांच्या अंगावर गेले असते तर ब्रॉल. आणि हेच वैर नातवंडांपर्यंत पोहोचलं तर फ्यूड. ती वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून तर मी एवढं लिहितोय.

ए-१०१: सर, आपल्याकडेही अशीच उतरंड आहे की. कुरबुर, बाचाबाची, हमरीतुमरी, झटापट, हाणामारी. काल बाचाबाची झाली. हमरीतुमरीवर कुणी आलं नाही, मी पहिल्या रांगेत होते.

बी-७०२: मी आलो होतो, वहिनी. आवाज चढला, कबूल आहे. पण आमच्याकडे सकाळी सातनंतर नळाला थेंब नसतो. मुलांच्या शाळा, आईची आंघोळ, सगळं त्याआधी उरकायचं. टँकरचे पैसे मात्र दोन्ही विंग सारखेच भरतात.

आणि सर, एक सांगू का? आर्ग्युमेंट एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, दोन माणसं ओरडली आणि घरी गेली. वागळे इस्टेटच्या कारखान्यात मी युनियनचं काम केलंय. तिथे अशा गोष्टीला आम्ही डिस्प्यूट म्हणायचो. १९४७ च्या कायद्याचं नावच इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्ट होतं. एकाची मागणी आहे, दुसऱ्याला ती मान्य नाही, आणि ती कुणापुढे तरी मांडून निकालात काढायची आहे. आमची मागणी ओरडण्यात बुडवू नका.

ए-५०३: भाऊ, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे. आर्ग्युमेंट कालच्या पंधरा मिनिटांचं होतं, डिस्प्यूट तुम्ही जानेवारीपासून सोसताय. दोन्ही शब्द लागतील.

ए-३०२: आजोबा, आईच्या फोनवरून लिहितेय. मग कॉन्फ्लिक्ट का नको? आमच्या पुस्तकात सगळीकडे कॉन्फ्लिक्टच असतं.

ए-५०३: छान विचारलंस. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे, एकमेकांवर आदळणं. त्याला माणसं भांडायलाच हवीत असं नाही. तुझे दोन क्लास एकाच वेळी आले तरी तो कॉन्फ्लिक्टच. वाईट शब्द नाही, पण फार मोघम आहे. कोण काय मागतंय ते त्यातून कळत नाही.

आज तुला दुसरा एक शब्द सांगतो, काल सभेतून घरी आल्यापासून तोच डोक्यात आहे. रायव्हल. आपण त्याला प्रतिस्पर्धी म्हणतो, क्रिकेटमध्ये तर शत्रूच मानतो. लॅटिनमध्ये 'रीव्हस' म्हणजे ओढा, पाण्याचा पाट. 'रीव्हालिस' म्हणजे त्याच पाटावरून पाणी नेणारा दुसरा माणूस. रोमन कायद्यातही तो याच अर्थाने आलाय, एका पाटाचे वाटेकरी. आपल्या दोन्ही विंगची टाकी एक, पंप एक. आपण शब्दशः रायव्हल आहोत. म्हणजे आधी वाटेकरी, भांडण नंतरचं.

ए-३०२: मग कॉम्पिटिशन पण तसंच?

ए-५०३: जवळपास. 'कॉम' म्हणजे बरोबर, 'पेटेरे' म्हणजे मिळवायला धडपडणं. एकाच गोष्टीच्या मागे दोघं. जा आता, उद्या शाळा आहे.

बी-४०१: सर, पाट म्हणालात म्हणून लिहितो. मी साक्रीकडचा. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, काही शतकांपासून. नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड, म्हणजे गट. कुणी आपल्या मर्जीने बारं, म्हणजे शेतात पाणी सोडायचं तोंड, उघडत नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो. माझ्या आजोबांचं शेत पाटाच्या शेपटाला होतं. पाणी कमी असलं की सगळ्यांनाच कमी मिळायचं, शेपटाच्या शेतालाच तहान असं नव्हतं. इथे व्हॉल्व्ह कोण फिरवतं? ज्याची ड्यूटी असेल तो वॉचमन, आणि ज्याचा फोन आधी येईल त्याच्या बाजूला. आपल्याला पाटकरीच नाही.

ए-१०१: हे खरंय. फोन बहुतेक आमच्या विंगमधूनच जातात. मीही दोनदा केलाय.

बी-७०२: वहिनी, तुम्ही हे ग्रुपवर लिहिलंत, मला बरं वाटलं.

ए-५०३: कॉम्प्रमाइज शब्दात हेच दडलंय. आपण त्याला तडजोड म्हणतो, थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो. मुळात त्यात सोडायचं काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी मिळून दिलेलं वचन होतं ते, की आम्ही नेमलेला तिसरा माणूस जो निवाडा देईल तो आम्हाला मान्य. भाऊ, तुम्ही माणूस सुचवा. आमच्या विंगने नाही म्हटलं तर मी त्यांच्याशी बोलतो.

बी-७०२: प्लंबर चालेल? तो दोन्हीकडे काम करतो. टाकीत किती पाणी आलं ते रोज लिहून ठेवायचं, निम्मं तिकडे, निम्मं इकडे.

बी-२०४: चालेल, पण हे कालच्या मिनिट्समध्ये घालता येणार नाही. काल जे घडलं तेवढंच त्यात. प्लंबरचा विषय कमिटीच्या पुढच्या सभेत रीतसर घ्या.

सचिव: बरोबर. नवीन मसुदा: "अ डिस्प्यूट रिगार्डिंग वॉटर टायमिंग वॉज रेज्ड बाय बी विंग. अ हीटेड आर्ग्युमेंट फॉलोड. नो डिसिजन वॉज टेकन." सर, ताई, भाऊ, ठीक आहे?

बी-२०४: 👍

ए-५०३: ठीक. मोजकं आहे आणि खरं आहे.

बी-७०२: ठीक आहे. सभा होईपर्यंत उद्यापासूनच टाकीची पातळी लिहायला लागू या. मी सहाला पंपरूमपाशी येतो. ए विंगमधून कोण येतंय?

ए-५०३: मी. टॉर्च घेऊन येतो, तिथला दिवा गेलाय.