मदत हवी आहे : चीरफाड न करता बाळाची तपासणी

आमचं बाळ २२व्या आठवड्यात पोटातच गेलं. कारण कळावं असं दोघांनाही वाटतं, पण पोस्टमॉर्टेम म्हटलं की बायको मान फिरवते. मलाही ते सहन होणार नाही, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर म्हणाले, एमआरआय करता येईल, आणि गरज पडली तर सुईने अवयवांचे अगदी छोटे नमुने घेता येतील. मेंदू आणि मणका एमआरआयमध्ये चांगला दिसतो म्हणे, पण एवढ्याशा हृदयातला बारीक दोष निसटू शकतो. याहून लहान बाळांसाठी मायक्रो-सीटी, म्हणजे अगदी बारीक तपशील दाखवणारा एक्स-रे स्कॅन असतो. त्यात आधी बाळाला आयोडीनच्या द्रावणात ठेवतात, त्यामुळे बाळाचा ताबा मिळायला काही दिवस जातात. वार (प्लॅसेंटा) मात्र तपासायचीच, बरेचदा उत्तर तिथेच सापडतं, असं त्यांनी दोनदा बजावलं. गुणसूत्रांच्या तपासणीसाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकायचा नाही, हेही तेव्हाच कळलं.

कुणी फक्त एमआरआय, वार आणि गुणसूत्रं एवढ्यावर थांबलंय का? कारण सापडलं का? संमतीपत्रावर 'फक्त एवढंच' असं लिहून देता येतं का? उद्या सही करायची आहे.