मदत हवी आहे: ईएसपी३२ चा ओबीडी रीडर टेबलावर चालतो, गाडीत मुका

होटगीरोडकर: गाडीच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीचं सॉकेट) लावून मोबाइलवर आरपीएम दाखवणारा स्वस्त रीडर करतोय. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), कॅनसाठी (गाडीतल्या कंप्युटरांची दोन तारांची लाइन) ट्रान्सीव्हर, वेग ५०० के. टेबलावर दोन मॉड्यूल छान बोलतात, गाडीत ७डीएफ वर (सगळ्या ईसीयूंचा, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांचा, सामायिक पत्ता) विचारलं की उत्तरच नाही. लवकर सांगा.

मल्टीमीटर: गाडी कोणती? ट्रान्सीव्हर कोणता? इग्निशन चालू होतं? पाठवल्यावर एरर काउंटर किती?

तारवाला: ट्रान्सीव्हर बोर्डावरचा १२० ओहमचा रेझिस्टर काढा, गाडीत असे दोन आधीच असतात. गाडी बंद करून सॉकेटच्या पिन ६ आणि १४ मध्ये (कॅनच्या दोन तारा) मोजा, ६० च्या आसपास पाहिजे. रीडर जोडल्यावर ४० झालं तर तोच दोषी.

मल्टीमीटर: काढावा हे खरं, पण ४० ओहमवर लाइन सहसा मरत नाही.

स्वस्तमस्त: एवढा उपद्व्याप कशाला ओ? ईएलएम३२७ ची (तयार ओबीडी रीडर) नक्कल घ्या, मोकळे व्हा.

तारवाला: त्यांना बनवायचाय, विकत घ्यायचा नाही. वाचा की जरा.

जुनंगॅरेज: पिन ७ वर के-लाइन (जुन्या गाड्यांतली एका तारेची लाइन) असते. तिची चिप एल९६३७डी लावा, १०४०० बॉड. आधी ५ बॉडने ३३ पाठवून जागं करायचं.

मल्टीमीटर: काका, इथं कॅनचं चाललंय.

होटगीरोडकर: बीएस६ पेट्रोल, ट्रान्सीव्हर एसएन६५एचव्हीडी२३०, इग्निशन चालू. काउंटर शून्य.

मल्टीमीटर: शून्य म्हणजे फ्रेमची (लाइनवर पाठवलेल्या निरोपाची) पोच मिळतेय. तार, वेग ठीक. फ्रेमची लांबी किती ठेवलीय?

होटगीरोडकर: ३. ०२, ०१, ०सी. तीनच तर बाइट आहेत!

मल्टीमीटर: तिथंच अडलंय. लांबी कायम ८ लागते, उरलेले पाच ०० ने भरा. आखूड फ्रेम ईसीयू टाकून देतो. टेबलावर दोन्हीकडे तुमचाच प्रोग्रॅम, तो कशाला तक्रार करतोय! उत्तर ७ई८ वर येईल, फिल्टर उघडा ठेवा.

तारवाला: रेझिस्टर तरी काढाच.

आसराचौक: ५ व्होल्टसाठी ७८०५ (रेग्युलेटर) लावलाय का? १४ व्होल्टवरून १५० मिलिअँप घेतलात तर सव्वा वॉटच्या वर नुसती उष्णता. मे महिन्यात सोलापुरात उन्हात लावलेल्या गाडीत तो टिकायचा नाही. बक कन्व्हर्टर घ्या, आधी फ्यूज. पिन १६ ला बॅटरी कायम असते, स्लीप मोड नसेल तर रीडर रात्री काढून ठेवा.

होटगीरोडकर: आलं! ०४ ४१ ०सी ०बी बी८. हे किती झाले?

मल्टीमीटर: शेवटचे दोन बाइट ०बी, बी८ हेक्समध्ये, म्हणजे ११ आणि १८४. (११ × २५६ + १८४) ÷ ४ = ७५०. आयडलला बरोबर.

होटगीरोडकर: जमलं. आता फॉल्ट कोड तीन असले की उत्तर अर्धंच येतं.

मल्टीमीटर: पहिला बाइट १० असेल. लगेच ७ई० वर (त्याच ईसीयूचा पत्ता) ३० ०० ०० पाठवा, बाकीचे तुकडे येतील. ७डीएफ वर नको. आणि लांबी ८!