घरच्या स्टुडिओसाठी रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर : आपण कसे निवडले?

घरातल्या एका खोलीत माईक आणि लॅपटॉप मांडून गायन, वादन किंवा वाचन ध्वनिमुद्रित करणारे बरेच जण आपल्यात आहेत, आणि मीही आता एकल हार्मोनिअमवादनासाठी तशी तयारी करत आहे. जाहिरातींतली वैशिष्ट्ये वाचून झाली आहेत. आपले काम कोणते, सॉफ्टवेअर कोणते घेतले आणि अडचण नेमकी कुठे आली, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुस्तकवाचन, नाशिक

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. एकच आवाज, एकच ट्रॅक, त्यामुळे मोफत मिळणारे ऑडॅसिटी मला पुरेसे आहे. मात्र 2022 मध्ये 3.2 आवृत्ती येईपर्यंत त्यात दिलेला प्रत्येक इफेक्ट मूळ ध्वनीवरच कायमचा उमटत असे. पंख्याची घरघर काढण्याच्या नादात मी एक संपूर्ण प्रकरण इतके घासून काढले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, आणि मूळ प्रत जपली नसल्याने ते प्रकरण मला पुन्हा वाचावे लागले. तेव्हापासून मूळ वाचनाची फाइल वेगळी ठेवल्याशिवाय मी संपादनाला हात लावत नाही.

ख्यालगायन, मिरज

बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला 120 ठोके आणि चार मात्रांचे चौकोन समोर येतात. विलंबित एकतालात माझी एक मात्रा चार सेकंदांची, म्हणजे बारा मात्रांचे आवर्तन 48 सेकंदांचे असते. मात्रेचे चार भाग करून मिनिटाला 60 ठोके लावले की हिशेब जुळतो, पण त्या ठोक्यावर गायलेली बंदिश मला स्वतःलाच ऐकवेना, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना लय जो किंचित श्वास घेते त्याला तिथे जागाच उरत नव्हती. शेवटी तबलजींसोबत समोरासमोर बसून, ठोका बंद ठेवून गायलो. त्यामुळे मला असे सॉफ्टवेअर हवे होते की ज्यात चौकोन पूर्णपणे बाजूला सारता येतील आणि समेच्या खुणा स्वतः करता येतील. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण ऐकताना प्रत्येक समेवर ‘एम’ कळ दाबली की खूण उमटते, आणि दोन प्रयत्नांतली चांगली आवर्तने त्या खुणांवरून जोडता येतात. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. मी त्या अवधीत एक संपूर्ण राग ध्वनिमुद्रित केला आणि मगच साठ डॉलरचा वैयक्तिक परवाना घेतला.

स्वर आपोआप दुरुस्त करणाऱ्या प्लगिनपासून (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमपासून) मात्र जपावे, असे मी आग्रहाने सांगेन. नेहमीच्या मांडणीत ते प्रत्येक स्वर बारा समान पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर ओढते. तोडी रागातला, नेहमीच्या कोमलपेक्षाही किंचित उतरलेला अतिकोमल गंधार त्याला चूक वाटतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणाऱ्या मींडेच्या पायऱ्या होतात.

ढोलकी, कोल्हापूर

मी सहा महिन्यांत दोनदा सॉफ्टवेअर बदलले, कारण हेडफोनमध्ये थाप उशिरा ऐकू येत होती आणि हात अडखळत होता. दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. बफर, म्हणजे संगणक एका वेळी ध्वनीच्या जितक्या नमुन्यांचा गठ्ठा हाताळतो तो आकडा, 1024 नमुन्यांवर होता. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेताना, एवढ्यानेच सुमारे 21 मिलिसेकंद जातात. माईक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेससोबतचा असिओ ड्रायव्हर (ध्वनी कमी विलंबाने पोहोचवणारा प्रोग्रॅम) निवडून बफर 128 वर आणला, तेव्हा तोच काळ तीन मिलिसेकंदांच्या आत आला. मिक्सिंगच्या वेळी तो पुन्हा वाढवतो, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर ताण येत नाही.

संगीत संयोजन, पुणे

मला दिसत नाही, त्यामुळे माझी निवड एकाच प्रश्नावर ठरली: पडद्यावर जे आहे ते मला ऐकू येईल का? एका महागड्या सॉफ्टवेअरमध्ये पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) सरकपट्ट्यांची नावेच वाचता येत नव्हती, आणि आवाजाची पातळी बदलण्यासाठी मला धाकट्या भावाला हाक मारावी लागे. रीपर, त्यासाठी खास लिहिलेले ओसारा हे विस्तारक आणि एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक, या तिघांच्या आधारावर आता ट्रॅकचे नाव, पातळी, निवडलेला भाग हे सारे मला ऐकू येते आणि माउसला हात लावावा लागत नाही. एकदा बावीस ट्रॅकचे भक्तिगीत मी रात्री एकट्याने मिसळून पूर्ण केले. तो आनंद शब्दांत सांगणे मला अजून जमलेले नाही.

अभंगगायन, न्यू जर्सी

मी इथे गाते आणि पखवाज पुण्यात वाजतो. आमची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत: माझ्याकडे मॅकवरचे लॉजिक, त्यांच्याकडे विंडोजवरचे क्यूबेस. प्रकल्पाची फाइल एकमेकांकडे उघडत नाही, म्हणून प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सलग वेव्ह स्वरूपात पाठवतो. एकदा मी 44.1 किलोहर्ट्झवर गायलेला ट्रॅक त्यांच्या 48 च्या प्रकल्पात रूपांतर न होता बसला, आणि काळी चारमधला माझा अभंग पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध जाऊन भरभर धावू लागला. त्यांनी त्यावर पखवाजही वाजवून पाठवला होता. तो सारा त्यांना पुन्हा वाजवावा लागला. आता पहिला स्वर लावण्याआधी आम्ही एकमेकांना फोन करून दोनच गोष्टी विचारतो, पट्टी कोणती आणि किलोहर्ट्झ किती.