थंडीत कढीपत्ता पिवळा पडला, जास्वंदीच्या कळ्या गळतायत

प्रश्न: नमस्कार मंडळी, आम्ही निफाडजवळ राहतो, इकडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, गेल्या आठवड्यापासून अंगणातला कढीपत्ता पिवळा पडून नुसत्या काड्या उरल्यात आणि जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आतच गळतायत. दोन्ही झाडं सासूबाईंच्या हातची, जीव तुटतो हो. खत वाढवू का?

उत्तर 1: ताई, खत आत्ता अजिबात नको! कढीपत्ता थंडीत झोपतो. नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा, बोटभर माती सुकली की मगच, तेही सकाळी ऊन आल्यावर. छाटणी फेब्रुवारीत.

उत्तर 2: बुंध्याभोवती पालापाचोळा चार बोटं जाड पसरा पण खोडाला चिकटवू नका, साल कुजते. रात्री जुनी सुती साडी टाका, सकाळी आठवणीने काढा. प्लास्टिक नकोच, पानाला टेकलं की तिथे करपतं.

उत्तर 3: जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसतंय का? मग तो पिठ्या ढेकूण. 1 लिटर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी फवारा.

प्रश्नकर्ती: आत्ताच खरवडलं, हिरवं आहे!! साडी शोधते.