स्मॉल सेलच्या खांबाखाली उभा असलेला फोन मॅक्रोवर का? अपलिंकचं गणित कसं जुळवायचं?

ऋतुजा_आरएफ:
नमस्कार मंडळी. पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका गल्लीत एलटीईचा (4जी) स्मॉल सेल, म्हणजे खांबावरचा कमी पॉवरचा छोटा टॉवर, आहे. 1800 मेगाहर्ट्झचा बँड, 20 मेगाहर्ट्झ रुंदी, आणि मॅक्रोही (परिसराचा मोठा टॉवर) त्याच कॅरिअरवर, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर. मॅक्रोची पॉवर 46 डीबीएम (दर 10 ला दहापट), स्मॉलची 30. ड्राइव्ह टेस्टमध्ये डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) छान दिसतं. पण विसर्जन मिरवणुकीत सगळे व्हिडिओ चढवायला लागले की स्मॉलचा अपलिंक (फोनकडून टॉवरकडे) बसतो. त्यावर यूजर मोजकेच, तरी इंटरफेरन्स भयंकर. वरिष्ठ म्हणतात, स्मॉलच्या रिसीव्हरला अ‍ॅटेन्युएशन टाका, म्हणजे येणारा सिग्नल मुद्दाम कमकुवत करा. टाकू का?

जुना_टॉवरवाला:
ऋतुजाताई, कृपा करून ते टाकू नका.

टपरीपाशी उभं राहून लॉग काढा. समजा मॅक्रोची आरएसआरपी (टॉवरचा रेफरन्स सिग्नल फोनला किती जोरात मिळतो ते) मायनस 84 आली, स्मॉलची मायनस 92. फोन मॅक्रो निवडणार, कारण त्याला आठ डीबी जास्त दिसतंय. आता पाथलॉस, म्हणजे वाटेत सिग्नल किती घटतो ते, काढा. 20 मेगाहर्ट्झमध्ये 1200 सबकॅरिअर (बारीक उप-लहरी), आरएसआरपी एकाच सबकॅरिअरची, आणि 1200 पट म्हणजे 30.8 डीबी, म्हणून पॉवरमधून 30.8 वजा: मॅक्रो 15.2, स्मॉल मायनस 0.8. मॅक्रोपर्यंत पाथलॉस 99, स्मॉलपर्यंत 91. म्हणजे त्याच जागेवरून फोनचा आवाज स्मॉलला आठ डीबी जास्त ऐकू जातोय, सहा पटींहून अधिक! मॅक्रो 40 वॅट, स्मॉल एक वॅट, पण फोन दोघांकडेही तेच 200 मिलिवॅट फेकतो. त्यामुळे डाउनलिंकची सीमा एकीकडे आणि अपलिंकची दुसरीकडे पडते, मध्ये 16 डीबीचा पट्टा. तुमची गर्दी नेमकी त्या पट्ट्यात उभी आहे, मॅक्रोला गाठण्यासाठी ओरडतेय आणि स्मॉलचे कान फोडतेय. अँटेनाचा गेन इथे धरू नका, तो दोन्ही दिशांना सारखाच मिळतो.

अ‍ॅटेन्युएशनने दोन सीमा कागदावर जुळतात, हे खरं. पण मग स्मॉलच्या स्वतःच्या यूजरनाही पॉवर वाढवावी लागते, बॅटरी संपते आणि तो त्रास मॅक्रोला होतो. जवळचा कान मिळाला म्हणून तर आपण सेल लावला ना?

आधी सीआयओ, म्हणजे फोन कनेक्ट असताना सेल बदलण्यासाठीचं झुकतं माप, 6 डीबी द्या. मॅक्रोकडून स्मॉलला प्लस, स्मॉलकडून मॅक्रोला मायनस. आयडलमध्ये (फोन नुसता पडून असताना) असंच माप देणारं क्यू-ऑफसेट-सेलही बदला, पण तिथे चिन्ह उलटं असतं: शेजाऱ्याला झुकतं माप द्यायचं तर मायनस. हे राहिलं तर फोन आयडलमध्ये एका सेलवर आणि कनेक्ट होताच दुसऱ्यावर, नुसती ये-जा.

संगमनेरकर:
काका, मग सरळ 16 का नको? अपलिंक पूर्ण जुळेल.

जुना_टॉवरवाला:
पट्ट्याच्या टोकाला मॅक्रो स्मॉलपेक्षा 16 डीबी वरचढ. तिथे स्मॉलचा पीडीसीसीएच (सेलच्या सूचनांचा चॅनल) वाचलाच जाणार नाही, ग्रँट (अपलिंकवर पाठवायची परवानगी) मिळणार नाही, मग अपलिंक कितीही चांगला असून उपयोग काय? सहाच्या बरंच पुढे जायचं तर ईआयसीआयसी (दोन सेलमधला इंटरफेरन्स वेळ वाटून टाळण्याची सोय) हवं, मोबाइल मानकाच्या रिलीज 10 पासूनचं. मॅक्रो काही सबफ्रेम (एक मिलिसेकंदाचे तुकडे) जवळजवळ रिकाम्या सोडतो, स्मॉल त्यात कडेच्या यूजरना शेड्यूल करतो. पण मॅक्रोचे रेफरन्स सिग्नल त्या सबफ्रेममध्येही चालूच राहतात, दोन्ही सेलचं टायमिंग काटेकोर जुळावं लागतं, आणि रिकाम्या सबफ्रेमचा फटका मॅक्रोला भर गर्दीत बसतो. पेठेतल्या वाड्यांच्या आत मॅक्रोच पोचतो, त्याची क्षमता कापताना मला जड जातं.

नेटवर्क_नाशिक:
5जीत सप्लिमेंटरी अपलिंक आहेच की. डाउनलिंक 3.5 गिगाहर्ट्झवर, अपलिंक 1800 वर.

जुना_टॉवरवाला:
हो, रिलीज 15. पण तिथे अडचण उंच बँडच्या पाथलॉसची आणि टीडीडीत (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) अपलिंकला कमी स्लॉट मिळण्याची. इथे दोन्ही सेल एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत.

ताई, एक विचारतो: दोन्ही सेलचे बेसबँड (सिग्नल डिकोड करणारी युनिट) एकाच ठिकाणी आहेत का? असतील तर अपलिंक कॉम्प लावा. फोन मॅक्रोवरच राहतो, त्याला काही कळतही नाही, पण त्याचा अपलिंक स्मॉलचा अँटेनाही ऐकतो आणि दोन्ही सिग्नल एकत्र डिकोड होतात. आज जो इंटरफेरन्स आहे, तोच सिग्नल म्हणून वापरात येतो. स्मॉल वेगळ्या बॅकहॉलवर (मुख्य नेटवर्कपर्यंतच्या जोडणीवर) असेल तर विसरा. एलटीईत चार मिलिसेकंदांत एसीके-एनएसीके (मिळालं की नाही याची पोच) द्यायचं असतं, तेवढ्यात डेटा इकडून तिकडे पोचून डिकोड व्हायला हवा.

ऋतुजा_आरएफ:
बेसबँड एकाच रूममध्ये आहेत, स्मॉलचा रेडिओ फायबरवर! अ‍ॅटेन्युएशनचा प्रस्ताव थांबवते, 6 डीबी दोन्ही बाजूंनी मागते. क्यू-ऑफसेटचं चिन्ह आत्ताच तपासलं, आमच्या टेम्प्लेटमध्ये प्लस आहे.

जुना_टॉवरवाला:
मग ते आधी बदला. आणि नंतरची मोजणी शनिवारी संध्याकाळी खरेदीच्या गर्दीत करा, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर नको. फोनची ट्रान्समिट पॉवर आणि अपलिंक ब्लेर (चुकलेल्या ब्लॉकचं प्रमाण) दोन्हीचा लॉग इथे टाका.