मदत हवी आहे: समुपदेशक मॅडम सल्लाच देत नाहीत, हे असंच असतं का?

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात, सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. मोठ्या भावाला दिवाळीपासून झोप नाही, धुऱ्यावर जाऊन नुसता बसून राहायचा. सरकारी दवाखान्यातून रात्रीची गोळी सुरू झाली आणि तिथूनच यवतमाळच्या एका समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. दर बुधवारी एस्टीनं नेतो, सहा खेपा झाल्या.

पाऊण तास तो आत, मी बाहेर बाकड्यावर. काय म्हणाल्या विचारलं तर दादा म्हणतो, "त्या काई सांगत नाईत, मलेच इचारते." मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." तिकीट आम्ही काढायचं, दिवस आम्ही बुडवायचा, अन् आम्हालाच काही कळू नये? घरच्यांना एकच गोष्ट सांगितली, पहिल्या दिवशी, तीही दादासमोर: फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ते काकाकडे कुलपात ठेवलंय.

दादाला एक शंभर पानी वही दिलीये. दिवसभरात काय केलं ते लिहायचं, अन् बरं किती वाटलं त्याचे दहापैकी गुण. (मी चोरून पाहिली. चुकलंच.) आधी पानभर "पडून होतो. 1". परवा मात्र "बैल धुतले. सोनी संगं होती. 4". माय म्हणते, बैल धुवाले यवतमाळले जा लागते काय? मलाही तसंच वाटायचं, पण ते 4 डोक्यातून जात नाही.

कर्जाचं काय करायचं यावर मॅडम अवाक्षर काढत नाहीत. ही उपचाराची रीत असते, की मॅडम बदलाव्या? येत्या बुधवारी वेचणी आहे, माय पाठवायला तयार नाही.

प्रतिसाद 1
मी हेच काम करते. ती वहीच उपचार आहे. उदास माणूस हुरूप आला की उठू म्हणून पडून राहतो, आणि पडून राहिल्यानं उरलासुरला हुरूपही जातो. म्हणून आधी काम, अगदी लहानसं. हुरूप मागून येतो. कशानं बरं वाटतं ते त्यांचं त्यांना वहीत दिसू लागतं, आपण सांगून पटत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगता येतं, फवारणीच्या औषधाचं सांगितलं ते त्यातलंच. दादांची तयारी असेल तर एखाद्या वेळी तुम्हालाही आत बसवतील. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे.

प्रतिसाद 2
कर्जाचं त्यांना कायले विचारता भाऊ? सातबारा घेऊन बँकेत तुम्हीच जा, दादाले नेऊ नका.

धागाकर्ता
दादाला विचारलं, मी आत येऊ का? बराच वेळ बोलला नाही. मग म्हणे, "या बुधवारी नको. पुढच्या बुधवारी ये." वेचणी गुरुवारवर ढकलली.